एका छिद्रातले साठ केस

सुनेने टॉवेल उलगडला आणि प्राण्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर तिचा चिंचिला, उंदराच्या जातीचा दाट केसांचा पाळीव प्राणी, नारळासारखा गोल बसून राहिला. माहेराहून तिने आणलेलं एवढंच जिवंत. नाकाजवळ नाण्याएवढं टक्कल पडलं होतं.

"कोणी ओढलं की केस असे सुटतात ना?" तिने विचारलं. दाराशी उभ्या सासऱ्यांकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

"मी त्या उंदराला हातही लावत नाही," सासरे म्हणाले. "आणि रोग निघाला तर हा घरात नको, आधीच सांगितलंय."

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. "ओढल्यावर खालची कातडी गुळगुळीत दिसते. इथे कोंडा आहे, केस मुळाशी तुटलेत. नायटा वाटतोय."

कडेचे चार केस उपटून त्यांनी काचपट्टीवर औषधाचा थेंब टाकला. जरा वेळाने डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाल्या. "बघता?"

पुढे झाले ते सासरे. चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले.

"हे मणी कसले?"

"बुरशीचे बीजाणू. केसाला बिलगून बसलेत. याच्या कातडीच्या एकेका छिद्रातून साठ-साठ केस येतात."

"साठ?" सासऱ्यांचा आवाज देवळात बोलावं तसा खाली आला. "आपल्याला एकेक टिकवता येईना."

सुनेला हसू आलं नाही. "बरा होईल?"

"होईल. पोटात औषध, डागावर मलम, दिसेनासं झालं तरी मध्येच थांबवायचं नाही. अंग साफ करायला हा ज्यात लोळतो ती माती फेकून द्या, पिंजरा धुऊन काढा. याला मात्र पाणी लावू नका, एवढे दाट केस वाळत नाहीत. आणि हे माणसालाही होतं. जवळ कोण घेतं याला?"

"फक्त मी."

डॉक्टरांनी तिचे हात पाहिले, मान पाहिली. कुठेच काही नव्हतं. "दिवसभर घरी कोण असतं?"

सूनबाई उत्तर द्यायला वळली आणि थांबली. सासरे अजून वाकलेलेच होते. कॉलर मागे सरली होती आणि मानेवर, खांद्याच्या जरा वर, एक लाल कडं उमटलं होतं; कड उठलेली, मध्ये कातडी स्वच्छ.

तिने टॉवेलची कड चिंचिलाच्या पाठीवर ओढून घेतली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हालाही डॉक्टरांकडे जायला हवं."

सासऱ्यांनी डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढला नाही. फक्त एक हात मागे नेऊन कॉलर सारखी केली.

"जाऊ," ते म्हणाले. "आधी याचं लिहून घे."