अण्णाजींचं घड्याळ आणि मी

मित्रांनो, शाळेच्या अडगळीत मोडक्या फळ्यामागे एक लाकडी पेटी आहे. तिच्यात मी राहतो. मी एक जुना, बॅटरीवर चालणारा रेडिओ आहे. आता माझ्या जाळीत कोळ्यांनी संसार थाटलाय. पण एके काळी देवळीपासून तीन कोसांवरच्या आपल्या या गावात माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे!

मी सरकारचा नव्हतो, की कुण्या एका मालदाराचाही नव्हतो. एकोणचाळीस घरांनी आपापल्या शेतातला कापूस एकत्र घातला, तो विकून मला आणलं आणि चावडीच्या ओट्यावर बसवलं. श्रोता मंडळ निघालं. माझी बॅटरी दर पंधरवड्याला देवळीत मोतीलालच्या गिरणीतल्या इंजिनावर भरून आणावी लागे. सकाळी नेली की संध्याकाळी परत. आतलं तेजाबाचं पाणी सांडू नये म्हणून एकाने गाडी हाकायची आणि दोघांनी बॅटरी आळीपाळीने मांडीवर धरायची. म्हणून तीन-तीन घरांची पाळी लावलेली होती.

माझ्या पेटीची किल्ली अण्णाजींच्या जानव्याला असे. अण्णाजी म्हणजे निवृत्त मास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष. माणूस सज्जन, पण हट्टी. रोज उपरण्याने मला पुसत आणि माझ्या बातम्या लागल्या की आपलं खिशातलं घड्याळ काढून काटे मागे करत. ते घड्याळ दिवसाला पाव तास पुढे पळायचं. गावाने त्यावरून किती थट्टा केली, पण नवं घ्यायचं नाव नाही!

मला ते फक्त संध्याकाळी उघडत. तेव्हा बायका चुलीपाशी. दुपारी नागपूरहून खास बायकांसाठी कार्यक्रम होई, तेव्हा मी कुलपात. एकदा दुपारी दुरुस्तीसाठी पेटी उघडी होती. ओट्याखालून जाणाऱ्या तानाबाई डोक्यावरच्या भाऱ्यासकट थबकल्या. माझ्यातून एक बाई बोलत होती, बाळंतिणीने काय खावं ते सांगत होती. कार्यक्रम संपेपर्यंत तानाबाईंनी भारा उतरवला नाही.

तानाबाई विधवा होत्या. दोन वर्षांपूर्वी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्या होत्या. घराच्या कर्त्या त्याच, म्हणून मंडळाच्या सभासदांत बाई तेवढी एकच. त्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला अण्णाजींविरुद्ध उभ्या राहिल्या.

"मले मान नाई पायजे," त्या दारोदार सांगत. "दुपारची किल्ली पायजे. रेडिओत बाई बोलते अन् आपल्या गावातल्या बाईनं ते ऐकू नाई काऊन?"

मत टाकायला ओट्यावर दोघांची दोन मडकी ठेवायची, ज्याला जे हवं त्यात घरटी सरकीचं एक बी टाकायचं, पाच वाजता मडकी उपडी करायची, असं ठरलं. नेमकी त्याच दिवशी बॅटरीची पाळी तानाबाईंच्या दिराची, कवडूची. सोबत लहानू आणि श्रावण, तेही तानाबाईंच्याच बाजूचे.

"वयनी, आज नाई जात," कवडू म्हणाला. "मत टाकून उद्या नेऊ."

"जाय तू. पाळी चुकली त लोक म्हणतीन, यायले बॅटरी सांभाळता येत नाई, कमेटी काय सांभाळतीन! पाचच्या आत येजो."

मित्रांनो, बॅटरी गेली आणि मी मुका झालो.

दिवसभर सरकी पडत राहिली. पुष्कळ घरांत बायकांनी नवऱ्यांना तानाबाईंच्या मडक्यासाठी शपथा घातल्या होत्या. तिकडे मोतीलालचं इंजिन रुसलं, गाडीला उशीर झाला. अण्णाजींनी घड्याळ पाहिलं. "पाच वाजले."

तानाबाई ओट्याखालीच उभ्या होत्या. "गाडी दिसून राह्यली, अण्णाजी. नाल्याजवळ आली."

"बाई, नियम सगळ्यांना सारखा."

"हो. नियम त नियम," त्या म्हणाल्या.

मडकी उपडी झाली. अण्णाजी एकोणीस, तानाबाई सतरा. शेवटचं बी मोजत असतानाच गाडी चावडीपुढे थांबली. तिघेही धुळीने माखलेले, बॅटरी लहानूच्या मांडीवर, थेंबभर पाणी सांडलेलं नाही. श्रावणच्या मुठीत सकाळपासून जपलेलं सरकीचं बी होतं.

तारा जोडल्या. संध्याकाळच्या बातम्या लागल्या, मी वेळ सांगितली. अण्णाजींचा हात सवयीने खिशात गेला. घड्याळ निघालं आणि काट्यावरचं बोट जागीच थांबलं. घड्याळ पाव तास पुढे होतं. गाडी पाचच्या आत आली होती. सगळी चावडी ते बोट पाहत होती.

"अण्णाजी," तानाबाईंनी हळूच विचारलं, "घड्याळ मागं कराचं हाय का?"

"हो बाई. पण आता... सरकी मोजून झाली."

मी दिल्लीच्या, विलायतेच्या बातम्या सांगत राहिलो. याच तिघांनी मांडीवरून आणलेल्या बॅटरीवर बोलत होतो, आणि त्यांच्या बाजूचा एक शब्द मला बोलता येत नव्हता. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

तानाबाई त्यानंतर ओट्याकडे फिरकल्या नाहीत. त्या तीन घरांनी पाळी मात्र एकदाही चुकवली नाही. आठ दिवसांनी भर दुपारी अण्णाजी एकटेच आले, कुलूप काढलं, आवाज मोठा केला आणि सतरंजी अंथरली. तानाबाईंना बोलावणं पाठवलं. निरोप आला, "कापसाची वेचणी चालू हाय." बाकीच्या बायकाही आल्या नाहीत. आतली बाई अर्धा तास बोलली. समोर रिकामी सतरंजी आणि एक म्हातारा. संपल्यावर त्यांनी मला पुसलं, कुलूप लावलं आणि पायरीवर बसून ते रडले. दुपारी मला पुन्हा कुणी उघडलं नाही.

मित्रांनो, मला पुसा, कोळ्यांना हाकला, जपून ठेवा, एवढं मी मागतोच. म्हाताऱ्या वस्तूला हाव सुटत नाही. पण त्याआधी एक करा. तुमच्यासाठी कुणी बॅटरी आणायला गेलं असेल आणि त्यांची गाडी नाल्याजवळ दिसत असेल, तर मडकं उपडं करू नका.