बोटावरचा प्रसाद

"आधी साबणाने हात, मग सुई. नुसत्या स्पिरिटवर भागवू नका," पार्थला मधुमेह निघाला त्या दिवशी लॅबमधल्या निशांतने बजावलं होतं. श्रुतीने मान डोलावली होती आणि घरी येऊन स्पिरिटच्या कापसावरच भागवलं होतं. आज, आठ महिन्यांनी, वाशीच्या त्याच हॉस्पिटलात ती सिस्टर सोनलचं मनगट धरून उभी होती.

"थांबा. इन्सुलिन देऊ नका."

सोनलच्या दुसऱ्या हातात भरलेली सिरिंज होती. तिने मशीनचा पडदा श्रुतीसमोर धरला. तीनशे बारा. काल ताप होता, उलट्या झाल्या, साखर चढणारच, असं तिचं म्हणणं.

"मशीनचं रोज सकाळी चेकिंग होतं मॅडम. तुमच्या डोळ्यांचं होतं का?"

"साखर चढली की हा सारखं पाणी मागतो," श्रुती म्हणाली. "उतरली की गप्प होतो. मान बघा त्याची."

सहा वर्षांच्या पार्थची मान घामाने भिजली होती. सोनलने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि लॅबला फोन लावला.

निशांत एक छोटी बाटली घेऊन आला. आतल्या पाण्यात साखर किती ते बाटलीवर छापलेलं असतं. मशीनने तेवढंच सांगायला हवं. त्याने पट्टीवर थेंब सोडला. आकडा छापलेल्या हद्दीत आला. सोनलने सिरिंज पुन्हा उचलली.

श्रुती पलंग आणि ट्रेच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"एक मिनिट," निशांत म्हणाला. त्याने पार्थच्या दुसऱ्या हाताच्या शिरेतून रक्त काढलं, एक थेंब त्याच मशीनवर घातला, उरलेलं लॅबकडे पाठवलं.

एकसष्ट.

सोनल सिरिंज टाकून ग्लुकोजच्या बाटलीकडे धावली. ग्लुकोज सुरू झालं. थोड्या वेळाने लॅबमधून फोन आला: अठ्ठावन्न.

"मशीन बरोबर आहे," निशांत म्हणाला. "बोटाला काय होतं?"

"मी स्पिरिटने पुसलं होतं," सोनल हळूच म्हणाली.

"बोटाला साखर लागली असेल तर ती स्पिरिटने निघत नाही, थेंबात मिसळते," निशांत म्हणाला.

श्रुती पार्थच्या कपाळाकडे बघत होती. घामाच्या थेंबांमध्ये तुपाचा एक चकचकीत ठिपका. तिने मान वळवली. पलंगाच्या पायथ्याशी तिच्या सासूबाई, अरुणाताई, स्टीलचा डबा पदराआड धरून उभ्या होत्या. सकाळी सोसायटीत सत्यनारायण होता. तो आटोपून त्या खारघरहून थेट इथेच आल्या होत्या.

"एक कण खाऊ दिला नाही गं त्याला," त्या म्हणाल्या. "प्रसादाला नाही म्हणू नये, म्हणून नुसतं शिऱ्याला बोट लावायला सांगितलं. त्याने कपाळाला टेकवलं. किती शहाण्यासारखं."

पार्थने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा श्रुती स्टुलावर बसली. तिने ओल्या रुमालाने त्याचं एकेक बोट पुसायला घेतलं.

"शेवंताबाईंनी केला होता शिरा," अरुणाताईंना बोलल्याशिवाय राहवेना. "सव्वा किलोचा. केळी हातानेच कुस्करतात त्या, चमचा लावत नाहीत."

श्रुतीचा हात थांबला.

शेवंताबाई त्यांच्याच सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या, त्यांनाही मधुमेह होता. जेवणाआधी बोट टोचायचं, आकडा बघायचा, तेवढं इन्सुलिन घ्यायचं, हे त्यांना श्रुतीनेच शिकवलं होतं. "कापूस फिरवला का झाला ना गो?" त्यांनी विचारलं होतं. झालं, असं ती म्हणाली होती.

घड्याळात पाऊण वाजला होता, शेवंताबाईंची जेवणाची वेळ. तिने फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला. मग सोसायटीचा ग्रुप उघडून ती भराभर टाइप करू लागली.

'बी विंगमध्ये कुणी आहे का? तळमजल्यावरच्या शेवंताबाई फोन उचलत नाहीत. बोटाला लागलेल्या शिऱ्यामुळे आकडा खोटा चढून त्यांनी इन्सुलिन जास्त घेतलं असेल. झोपल्यात म्हणून परत फिरू नका, हलवून उठवा. शुद्धीत असतील तर साखरपाणी द्या. नसतील तर तोंडात काही घालू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. चूक माझी आहे, ते नंतर सांगते. आत्ता हे जो वाचतोय त्यानेच जावं. दुसरं कुणी गेलं असेल असं समजू नका.'