पडद्यावरचे हात

बेबीताई खुणांच्या भाषेच्या दुभाषी होत्या. हॉस्पिटलात एखादा बहिरा रुग्ण आला, की तिथली नर्स त्यांना व्हिडिओ कॉल करून पडद्यावर बोलावून घ्यायची. डॉक्टर बोलतील ते बेबीताई हातांनी रुग्णाला सांगायच्या, आणि रुग्णाच्या हातांचं बोलणं तोंडाने डॉक्टरांना. खरं नाव वेगळं होतं, पण माहेरी पडलेलं 'बेबी' पन्नाशी उलटली तरी सुटलं नव्हतं.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि नवऱ्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. घराला कुलूप घालायचं आणि आत राहायची सोय असलेल्या कॅम्पर गाडीतून वर्षभर हिंडायचं. जन्मभर बस चालवली, तरी गड्याची चाकांची हौस फिटली नव्हती.

"आणि माझं काम?" बेबीताईंनी विचारलं.

"गाडीतून कर. इंटरनेटचं मी बघतो."

बघतो म्हणाला आणि खरंच हात धुऊन मागे लागला. एका कंपनीवर विसंबायचं नाही म्हणून दोन कंपन्यांची सिमकार्डं, दोन्हींवर चालणारा राऊटर, छतावर अँटेना आणि ती उंच करायला दुमडता खांब. मुक्कामाला जागा शोधताना लोक सावली बघतात, पाणी बघतात. हा आधी फोन डोक्यावर धरून गोल फिरायचा.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तोंडाकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत," बेबीताई म्हणायच्या.

"तुझ्या तोंडाला रेंज कायमच असते," तो म्हणायचा.

थट्टा वेगळी, पण गरज खरी होती. आवाज तुटला तर माणूस अंदाजाने वाक्य जोडून घेतो. हात मध्येच थिजला तर 'दुखतंय' आणि 'दुखत नाही' यांतला फरकच कळत नाही.

त्या दिवशी गाडी एका तळ्याकाठी उभी होती. सुट्ट्या लागल्यामुळे मुक्कामाचा तळ गाड्यांनी भरला होता. नवरा बाहेर खुर्ची टाकून कांदा चिरत होता. बेबीताईंनी घडीचं टेबल उघडून लॉपटॉप मांडला, पाठीमागे राखाडी पडदा सोडला, कानाला हेडफोन लावला आणि आलेला कॉल घेतला.

हृदयविकाराचा वॉर्ड होता. टॅब्लेट खाली कलला असावा, कारण पडद्यावर चेहरा नव्हता, फक्त गळा, पांढरी चादर आणि तिच्यावर दोन हात दिसत होते. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "पेशंटना कालपासून काही नीट सांगता आलेलं नाही. आधी त्यांना काय हवंय ते विचारा."

बेबीताईंनी विचारलं. कललेल्या पडद्यावर रुग्णाला त्यांचे हात तेवढे दिसले असावेत; चादरीवरचे हात हलले. पाणी मागत होते. पण ते मागणं असं, की बेबीताई पडद्यावर वाकल्या. 'पाणी'ची खूण शाळेत शिकवतात ती नव्हे. अंगठा मुठीत दाबून मूठ गळ्यावरून खाली ओढायची; ही खूण त्यांनी आणि बहिऱ्या धाकट्या भावाने लहानपणी ओट्याखाली बसून बनवली होती. जगात दोनच माणसांना ती ठाऊक होती, आणि त्यांतलं एक कधीच बुडून मेलं होतं.

डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. दारात चिमटलेली. दार त्यांच्याच हातून लागलं होतं.

"मॅडम? काय म्हणतायत ते?"

"पाणी," बेबीताई कशाबशा म्हणाल्या.

नर्सने टॅब्लेट वर केला. दाढी पांढुरकी, गाल बसलेले, पण डोळे तेच. त्या डोळ्यांनी पडद्यावरच्या बाईला पाहिलं आणि ते मोठे मोठे होत गेले. उजवा हात उचलला गेला आणि बोट हनुवटीला लागलं. बेबीताईंच्या हनुवटीवर तीळ होता. धाकटा त्यांना याच खुणेने हाक मारायचा.

आणि तिथेच चित्र थिजलं. हनुवटीवर बोट, उघडं तोंड, आणि मधोमध गरगरणारं चक्र.

बेबीताईंनी नवऱ्याला हाक मारली. त्यांनी टेबलावर थाप मारली. तो सुरी हातात घेऊनच आत आला, बायकोचा चेहरा पाहिला आणि हबकला.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"धाकटा," त्या म्हणाल्या.

"कोण धाकटा?"

"माझा. माझा भाऊ. जिवंत आहे."

बऱ्याच वर्षांपूर्वी धाकटा ज्या नावेने जाणार होता ती नदीत उलटली, तेव्हा सासऱ्यांबरोबर काठ पालथा घालणारा नवराच होता. बाकी प्रेतं मिळाली, धाकट्याचं मिळालं नाही. प्रवाहाने नेलं, असं सगळ्यांनी मानलं. सासऱ्यांनी तर अंथरूणच धरलं.

"अगं, भास झाला असेल."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. त्याने वाकून पाहिलं आणि त्याच्या हातातली सुरी खाली पडली.

"कॉल तुटला तर तो दुसऱ्या दुभाष्याकडे जाईल," बेबीताई म्हणाल्या. "कुठलं हॉस्पिटल ते मला कुणी सांगणार नाही. रुग्णाची माहिती द्यायचीच नसते."

मग तो हलला. राऊटर दुसऱ्या सिमवर टाकला. सिग्नलची रेघ जेमतेम एक. सगळा तळ एकाच टॉवरला लोंबकळत होता. तो शिडीने छतावर चढला, खांब पूर्ण वर केला आणि तळ्यापलीकडच्या टेकडीवरच्या दुसऱ्या टॉवरकडे अँटेना वळवली. वाऱ्याने ती पुन्हा फिरायची, म्हणून दोन्ही हातांनी धरून बसला. "आलं का?" वरून ओरडला. "नाही!" "आता?"

बोट हनुवटीवरून सुटलं. चित्र चालू झालं.

"हलू नका!" बेबीताई किंचाळल्या. कानातल्या डॉक्टरीणबाईही दचकल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "हा माझा सख्खा भाऊ आहे. आम्ही त्याला मेलेला समजत होतो. नियमाने मी इथे दुभाषी राहू शकत नाही. दुसरं कुणी बोलवा, पण आधी हॉस्पिटलचं नाव मला त्याच्याकडूनच घेऊ द्या."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना कोण हवंय ते विचारा."

बेबीताईंनी विचारलं. धाकट्याने पडद्याकडे बोट केलं. तूच. दुसरं कुणी नको.

हृदयाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशन तातडीने करायला हवं होतं, आणि त्यात जिवाला धोका होता. बेबीताईंनी एकेक शब्द हातांनी सांगितला. चूक व्हायला नको, म्हणून प्रत्येक खूण दोनदा केली.

"जवळचं कुणी आहे का, असं विचारा. कालपासून मान हलवून नाही म्हणतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुभाष्याने रुग्णाचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं. बेबीताईंनी जन्मभर तसंच केलं होतं. आताही तोंडातून तेच आलं. "मी त्या नावेत चढलोच नव्हतो. बाबा मला हात वापरू देत नव्हते, तोंडाने बोल म्हणून मारायचे, म्हणून मी निघून गेलो होतो. पेपरात बुडालेल्यांमध्ये माझा फोटो पाहिला. म्हटलं, घरचे सुटले एकदाचे. जवळचं कुणी आहे मला. मला बहीण आहे."

नर्सने डोळे पुसले आणि हॉस्पिटलचं नाव स्वतःच सांगितलं; भावाने हो म्हटल्यावरच.

नवरा छतावरून उतरला तेव्हा त्याचे हात वळून गेले होते. कांदा तसाच टाकून त्यांनी गाडी काढली. वाटेत बेबीताई मधूनच, "पाणी मागितलं हो त्याने," एवढंच म्हणत राहिल्या.

ऑपरेशनआधी अगदी थोडा वेळ भेटू दिलं. त्यांनी त्याची वाकडी करंगळी धरली, ती नर्सने सोडवेपर्यंत.

धाकटा वाचला. नीट शुद्धीवर आला, तशा बेबीताई त्याच्यावर तुटून पडल्या. अक्षरशः हातघाईवर आल्या. बाबा झुरून गेले. आई रोज दाराची कडी काढून ठेवते. एक निरोप धाडला असतास तर हात झडले असते का? तोही चिडून उत्तरं देऊ लागला. शेवटी नर्सच मध्ये पडली. "ताई, भांडा, पण सावकाश. सलाइन उपटेल."

नवरा बाहेरच्या बाकावर फोन घेऊन बसला होता. सासूबाईंना आपणच सांगू, असं तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता. रेंज भरपूर होती. पलीकडून "हॅलो" आलं, आणि तो बाकावरून उठून उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "आधी खाली बसा बघू."