न फोडलेला दगड

नेपियर टाउनच्या फ्लॅटमध्ये सामान हलवताना क्षमाच्या पंचायतनातला गणपती हरवला. गणपती म्हणजे शोण नदीतला तांबडा दगड, माहेरून आलेला. पुढच्याच महिन्यात तिचं पोट दुखायला लागलं आणि या दोन गोष्टींची सांगड तिच्या मनात पक्की बसली. ऑपरेशननंतर तिनं एकच हट्ट धरला, नवा गणपती आणा, बरी झाले की अभिषेक करू.

तिच्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, मान डोलावली. त्यानं जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, मुलांना धडाधड खरं सांगितलं. पण डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि रोग सगळीकडे पसरलेला म्हणून काही न काढता तसंच शिवलं, हे बायकोला सांगायला त्याची जीभ रेटली नाही. "सगळं काढलं," असं तो सांगून बसला होता.

शहडोलकडे जाऊन तो शोणच्या वाळवंटात दिवसभर उकिडवा बसला. तांबडे दगड पुष्कळ होते. हातोडी मारली की आत राखाडी. साधा चर्ट, म्हणजे गारेसारखाच दगड, लोहाच्या पाण्यानं वरवर रंगलेला. खरा जास्पर आतपर्यंत तांबडा असतो. बाहेरून दोन्ही तसेच गुळगुळीत, काचेवर दोघांचाही ओरखडा उठतो. फोडल्याशिवाय खात्री नाही, आणि फोडलेला दगड देव्हाऱ्यात चालत नाही. काय मेली थट्टा ही! शेवटचा एक त्यानं न फोडताच खिशात टाकला.

क्षमानं उशीला टेकून तो ओंजळीत घेतला.

"आतूनही लाल आहे ना?"

"अस्सल जास्पर. शंकाच नको."

तिनं दगड फिरवून फिरवून पाहिला. कुठेही टवका उडालेला नव्हता. मग ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"अहो, हातोडी लावल्याशिवाय तुम्ही कधी दगडाचं नाव घेतलं नाही. माझ्या भावाच्या अंगठीतला खडासुद्धा फोडून सांगतो म्हणाले होते. आज काहून सांगून राहिले?"

श्रीकांतला रडूच आलं.

"सगळं काढलं म्हणाले तुम्ही, तेही असंच ना?"

त्यानं मान वर केली नाही. तिनं दगड त्याच्या हातात ठेवला.

"मग फोडा आता. अभिषेक कोण करणार आहे?"