खिडकीतला केस

मित्रांनो, मी एक जुना सिनेमाचा कॅमेरा आहे. लंडनजवळच्या एका स्टुडिओत माझी हयात गेली. आता काचेच्या कपाटात बसून असतो. मुलं कौतुकाने बोट दाखवतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ह्यू बार्लो स्टुडिओत शॉटची पाटी वाजवायचे, तेव्हापासूनची आमची ओळख. पुढे ते दिग्दर्शक झाले. अकरा चित्रपट केले आणि दर वेळी मलाच मागून घेतलं. "हा म्हातारा कधी दगा देत नाही," म्हणायचे. मीही फुशारून जायचो.

नवव्या चित्रपटात जुन्या अभिनेत्री विनिफ्रेडबाई होत्या. ह्यूंना पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलेलं. वय एक्याऐंशी, हृदय थकलेलं. डॉक्टरांनी एकाच दिवसाची परवानगी दिली होती. प्रसंगात त्यांनी मेलेल्या मुलाचं पत्र वाचलं, एकही अश्रू न ढाळता. सेटवरचे सुतारसुद्धा नाक पुसत होते.

आमच्याकडे नियम होता. शॉट झाला की माझं दार उघडायचं, फिल्म जिच्यासमोरून सरकते ती छोटी खिडकी तपासायची, मगच शॉट पक्का. माझी देखभाल करणाऱ्या स्टॅनने हात पुढे केलाही. तेवढ्यात चहाची गाडी खडखडत आली. आमच्याकडे राणी आली तरी चहा थांबत नाही.

"स्टॅन, आधी चहा!" ह्यू आनंदाने ओरडले.

"साहेब, खिडकी बघायची राहिलीय."

"अरे, हा म्हातारा दगा देतो का कधी? चल, बिस्किटं संपतील."

खिडकीत केसाएवढा फिल्मचा तुकडा अडकला होता. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी पडद्यावर बाईंच्या चेहऱ्यावर तो केस वळवळत होता. पुन्हा शॉट घेणं शक्यच नव्हतं. प्रसंग कापला गेला.

चित्रपट लागल्यावर बाई स्टुडिओत आल्या. "ह्यू, खरं सांग. मी इतकं वाईट काम केलं का रे?"

"छे हो! लांबी वाढत होती."

"म्हातारीला गोड बोलून फसवू नकोस, बाळा." त्या हसल्या, हातमोजे चढवले आणि गेल्या. त्याच हिवाळ्यात वारल्या.

परवा ह्यू आले. काठी टेकत. रखवालदाराला विनवून त्यांनी माझं दार उघडलं, खिडकीत कितीतरी वेळ पाहिलं. "साफ आहे," पुटपुटले आणि तिथेच खाली बसले.

मित्रांनो, यंत्रं पुसून ठेवा. आणि चूक झाली तर माणूस ऐकायला आहे तोवर कबूल करा. मला तोंड नव्हतं. ह्यूंना होतं.