म्हसोबाची वाजंत्री

माणमधल्या साळूबाईंच्या शेतातला म्हसोबा आता कंपनीच्या आवारात होता. जमीन विकताना त्यांनी एकच अट घातली होती, देवाचा वर्षाचा निवद चुकणार नाही. गेल्या वर्षी कंपनीनं आवारात ढोल वाजवायला बंदी केली, तेव्हाही त्यांनी राग गिळला. यंदा दहीभाताचं ताट नि नारळ घेऊन फाटकातल्या नव्या यंत्राजवळ गेल्या, तर ते कोकलायलाच लागलं.

"किरणोत्सर्गी काहीतरी आहे!" म्हणत सुरक्षा अधिकारी मनीषनं त्यांचा नारळ फोडून आत पाहिलं.

"देवाम्होरचा नारळ फाटकाम्होरं फोडलास, मुडद्या!"

यंत्राची तंत्रज्ञ दिशा हातातलं मीटर घेऊन आली. ते साळूबाईंच्या गळ्याशी जोरात वाजलं.

"आजी, थायरॉईडचं औषध घेतलंत?"

"व्हय, मागल्या पंधरवड्यात. दवाखान्यात."

"सर, हे उपचाराचं किरणोत्सर्गी आयोडीन आहे. धोका नाही."

"तरी यंत्र गप्प होईल तेव्हाच या," मनीष म्हणाला.

साळूबाई ताट सावरून सरळ आत निघाल्या. यंत्र पुन्हा बोंबलू लागलं.

"अहो आजी, वाजतंय ना!"

"वाजू दे की! ढोल तुमीच बंद केला, आता वाजंत्रीबी तुमचीच!"