सावलीत हलवलेले बटाटे

रूपलने गोणपाट बाजूला केलं, ट्रे उचलला, तर तो रिकामा. दुसराही रिकामा. चारही रिकामे! ट्रेवरच्या चिठ्ठ्या मात्र जागच्या जागी होत्या: ज्योती उघडी, ज्योती झाकलेली, पुखराज उघडा, पुखराज झाकलेला. पानं मांडून ठेवावीत आणि पंगतच उठून जावी, तसं झालं.

"बेबाबाई!" ती गच्चीवरून ओरडली. पिंप्राळ्यातल्या त्या गल्लीत दुपारी आडव्या झालेल्या दोन-चार घरांची तरी झोप मोडली असणार.

घरकाम करणारी बेबाबाई झाडू हातात घेऊनच वर आली आणि तिने पाण्याच्या टाकीमागे बोट दाखवलं. तिथे सावलीत सगळे बटाटे एका ढिगात पडले होते. पांढऱ्या बुरशीचे, काळे पडलेले, अजून टणक असलेले, सगळे गळ्यात गळा घालून.

"दादीनी सांगं, मी ठेवात," बेबाबाई म्हणाली. "मना काय दोष शे?"

तिचा दोष नव्हताच. दोष असला तर रूपलच्या हौसेचा. ज्योती की पुखराज, कोणत्या वाणाचा बटाटा कशा साठवणीत किती लवकर कुजतो, हा तिचा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. अर्धे बटाटे शीतगृहात होते. उरलेले साध्या खोलीत ठेवायचे, पण कॉलेजच्या खोलीत उंदरांनी मेजवानी झोडली, म्हणून तिने ते घरी आणले. जैनांच्या घरात बटाटा! दादींनी, लाडकुंवरबाईंनी, दोन दिवस अबोला धरला. मग 'खाली आणायचे नाहीत, चिरायचे नाहीत' या अटीवर गच्चीवरची खोली दिली.

आणि आता कुठे काही हाती लागत होतं. झाकलेला पुखराज भराभर जात होता, उघडी ज्योती तग धरून होती. वाण एकवेळ सालीवरून ओळखता आला असता, पण कोण झाकलेला होता आणि कोण उघडा, हे काय बटाट्याला विचारायचं? शाईने साल बिघडेल म्हणून तिने एकावरही नंबर टाकला नव्हता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तिने सारिका मॅडमना फोन लावला. प्रकल्प त्यांच्याच हाताखाली चालला होता.

"नवे आणून पुन्हा लाव. मी तारीख पुढे मागून घेते," मॅडम म्हणाल्या. "जागा आहे ना पण? आणि ते जुने आजच घेऊन ये, वाफेच्या यंत्रात घालून संपवू."

जागा. रूपलने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. हे वर्ष गेलं तर घरात स्थळं बघायला सुरुवात होणार, असं तिच्या वडिलांनी, अभयकुमारांनी, हसत हसत सांगून ठेवलं होतं. ते हसणं तिला चांगलं ठाऊक होतं.

जिन्यात धाप ऐकू आली. दादी भिंत धरत वर आल्या.

"का हलवले तुम्ही?" रूपलचा आवाज चिरकला.

"फूलण आली होती. फूलण आलेल्या वस्तूला हात लावत नाहीत बेटा, त्या बुरशीत अनंत जीव असतात. लावावाच लागला तर सावलीत ठेवतात, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी."

"अहो, बुरशी यावी म्हणूनच तर ठेवले होते!"

"माहीत आहे मला."

रूपल थबकली.

"त्या दिवशी जेवताना तूच सांगत होतीस," दादी म्हणाल्या. "शेवटी यंत्रात घालून वाफेने सगळं मारतात, एक जीव उरत नाही. किती खुशीत सांगत होतीस! माझा पुढचा घास उतरला नाही. वाटलं, इथे सावलीत तरी जगतील."

"म्हणून माझं वर्ष मारलंत?"

शब्द तोंडातून निघून गेला. बेबाबाई झाडू उचलून गुपचूप खाली सटकली.

दादींनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं," त्या पुटपुटल्या. संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागताना म्हणतात ते शब्द, आणि तेही आपल्याला! रूपलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'असू द्या' म्हणायला तिने तोंड उघडलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की दादींचं तोंड तिच्याकडे नाही, ढिगाकडे आहे.

"यांचं आता काय?" दादींनी तिकडे बघतच विचारलं.

खोटं बोलायला एक क्षण पुरेसा होता. रूपलला ते जमलं नाही. "आजच न्यायचे आहेत," ती म्हणाली. "कॉलेजात."

दादींनी मान हलवली. मग कमरेला खोचलेली गच्चीवरच्या खोलीची किल्ली काढून त्यांनी नातीच्या हातावर ठेवली.

"नवे आण. तुझं वर्ष माझ्यामुळे नको जायला. किल्ली तुझ्याजवळच असू दे." त्या जिन्याकडे वळल्या. "फक्त पुढे त्यांचं काय करतात, ते या वेळी मला सांगू नकोस."

त्या एकेक पायरी उतरत गेल्या. रूपलने पिशवी उघडली, पण पहिला बटाटा उचलायला तिचा हात काही केल्या पुढे होईना.